कोकोच्या वड्या

कोकोचा डबा मुलीने पुण्याहून आणला होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरीच केक करायचा, असं तिने ठरवलं होतं. बाबांना साखर चालत नाही, म्हणून बिनसाखरेचा. मी म्हटलं, बिनसाखरेचा केक म्हणजे बिनमिठाचं पिठलं, कोण खाणार ते? त्यावरून आम्हा मायलेकींची थोडी जुंपलीसुद्धा. वाढदिवस यायच्या आधीच हे गेले. सगळे विधी आटोपून, पाहुणे पांगून घर रिकामं झालं, तेव्हा फडताळ आवरताना तो डबा हाताला लागला. वरची चंदेरी झिल्लीसुद्धा फोडलेली नव्हती.

पुढे कितीतरी महिने मी तो डबा नुसता पुसून परत जागेवर ठेवत होते. खायची वस्तू टाकवत नाही आणि हा कोको खाववतही नव्हता. एकदा दुधात घालून पाहिला, दोन घोटांपलीकडे गेला नाही. कुणाला देऊन टाकावा तर देताना कशासाठी आणला होता ते सांगणं आलं, आणि मग समोरचा माणूस चेहरा पाडून उभा राहणार. मला त्या पडलेल्या चेहऱ्यांचा कंटाळा आला होता. आता खरं सांगायचं तर कंटाळा यावा इतके चेहरेसुद्धा दिसत नव्हते.

अंबाजोगाईत आमचं घर मेडिकल कॉलेजच्या बाजूला एका गल्लीत आहे. गल्ली चांगली नांदती. नळाला पाणी येतं त्या दिवशी तर जत्रा भरते. बादल्या, पाइप, मोटारींची घरघर, याच्या पाण्यावरून त्याच्याशी भांडण. बाकीच्या दिवशी बोअरवर भागवायचं. हे होते तेव्हा मी या सगळ्याच्या मधोमध असायची. ते गेल्यावर कुणी काही वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. उलट सगळे फार जपून बोलायला लागले. जपून बोलणारी माणसं लवकर निघून जातात, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी वेळ जात नाही म्हणून मोबाइल बघत बसायची सवय लागली होती. अशाच एका दुपारी कुठलीशी बाई साबण करताना दिसली. तेल, कॉस्टिक सोडा, पाणी, आणि रंगासाठी तिने डब्यातून चमचाभर कोको काढला. मी उठून बसले. खायचा नाही, टाकायचा नाही, आणि तरी वापरून संपवायचा. मला हवं होतं ते हेच.

सोडा आणायला मोंढ्यातल्या दुकानात गेले. दुकानदाराने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काकू, ड्रेनेज तुंबलंय का?"

"साबण करायचाय."

"घरी कावून करता? दुकानात कमी हायत का साबण?"

माझ्या नवऱ्याच्या केकचा साबण तुझ्या दुकानात मिळतो का रे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मुकाट पिशवी घेतली आणि आले.

पहिला साबण साफ फसला. मी सोड्याचं पाणी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात केलं. ते असं फसफसून वर आलं आणि पातेलं असं काळं पडलं की मी मागच्या अंगणात दूर जाऊन उभी राहिले. मग पुन्हा तो व्हिडिओ लावला, तर त्या बाईने अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं की जर्मनचं भांडं चालत नाही, स्टीलच घ्यायचं. तेवढं पुढे ढकलून मी कोकोपासून बघितलं होतं. पातेलं गेलं ते गेलंच.

दुसऱ्या वेळी मात्र रीतसर केलं. जारचं पाणी घेतलं, कारण आमचं बोअरचं पाणी इतकं जड की विकतच्या साबणालाही त्यात फेस येत नाही. पाण्यात सोडा हळूहळू सोडला, पाणी सोड्यावर ओतलं नाही. नाकाला पदर बांधून, वाऱ्याकडे पाठ करून. घरात करडईचं तेल होतं, त्यात खोबरेल मिसळलं. खोबरेल थंडीने गोठलं होतं, ते कोमट करून घेतलं. चमचाभर तेलात कोको कालवून ठेवला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग तेलात सोड्याचं पाणी ओतून ताकाची रवी घेऊन घुसळायला बसले. ती रवी यांच्या ताकासाठी घेतलेली, आता तिलाही काम नव्हतं. बराच वेळ काहीच होत नाही. हात भरून येतो, वाटतं हे पण फसलं. आणि मग एकाएकी रवी जड होते, पिठल्यासारखा घट्टपणा येतो. त्यात कोको घातला, केकच्या सामानाच्या दुकानातून आणलेला चॉकलेटचा अर्क घातला, आणि घर असं दरवळलं की मी क्षणभर रवी थांबवून नुसती बसून राहिले. केक झाला असता तर घराला हाच वास आला असता. रडले. हातमोजे घातलेले होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

साचा माझ्याकडे नव्हता. वड्या थापायचं स्टीलचं ताट घेतलं, त्याला बटरपेपर लावला, साबण ओतला आणि वरून जुनी गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी घट्ट झाल्यावर सुरी घेतली आणि तिरक्या रेघा मारून वड्या पाडल्या. साबण चौकोनी हवा, लांबट हवा, हे काही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं ताट समोर आलं की हात वड्याच पाडतो. आधी त्या फिक्या, दुधाळ दिसल्या. वाळल्यावर मात्र काळपट तपकिरी झाल्या, अगदी गुळाच्या पाकातल्या तिळाच्या वडीसारख्या.

साबण लगेच वापरायचा नसतो. महिनाभर हवेवर मुरू द्यावा लागतो. मी वड्या सुपात मांडून मधल्या खोलीत ठेवल्या आणि अधूनमधून एकीला जिभेचं टोक लावून पाहायची. जिभेला झिणझिण्या आल्या तर सोडा अजून उरला आहे, नाही आल्या तर साबण तयार. एका सकाळी जीभ लावली, तर काही झालं नाही. नुसता साबणाचा तुरट, तेलकट वाईट स्वाद. मला केवढा आनंद झाला. तो सांगायला आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मुलीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. म्हणाली, "आई, साबण चाटत काय बसतेस? संध्याकाळी बोलते."

चॉकलेटचा तो वासच समोरच्या सुनेला आमच्या अंगणाच्या भिंतीपर्यंत घेऊन आला. समोरची सून म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, माझ्या मुलीहून थोडी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा तिला या गल्लीतलं सगळं मी शिकवलं होतं.

"काकू, काय शिजवताव? लई भारी वास येलालाय."

भिंतीवरून कुणी मला काही विचारावं, याला खूप महिने झाले होते. मी तिला आत बोलावलं, वड्या दाखवल्या, एक हातात दिली. ती नाकाला लावून हुंगत राहिली. मग म्हणाली, "मला द्या की. यंदा वाणाला ह्याच वाटते. गल्लीत आजपर्यंत कुणीच असलं वाण दिलं नसंल."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघरी हळदी-कुंकू असतं. बायका एकमेकींना बोलावतात, हळदी-कुंकू लावतात, हातावर तिळगूळ ठेवतात आणि काहीतरी वस्तू देतात, तिला वाण म्हणायचं. समोरच्या घरचं हळदी-कुंकू गल्लीत सगळ्यात मोठं. तिथे अत्तर लावायचं काम ती सून यायच्याही आधीपासून माझं. दाराशी खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या बाईचा हात उलटा धरायचा, मनगटाच्या मागे अत्तराचा फाया फिरवायचा आणि तिची जमेल तेवढी थट्टा करायची. हे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली होती. मला बोलावणं आलं नाही. येत नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? मी स्वतः इतकी वर्षं त्या दारात बसून कधी विचारलं नव्हतं की अमुक बाई यंदा का दिसत नाही. पण आपल्यावर आल्यावर ते वेगळं दिसतं. मी घरात दिवा न लावता बसून त्यांचं हसणं ऐकत राहिले होते.

म्हणून ती साबण मागायला आली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते उघड आहे. वाण माझ्या हातचं, मग मला बोलावतीलच. निदान वाटायला. मी जास्तीचं ताट लावलं, पुन्हा घुसळलं, पुन्हा मुरवलं. वड्या एकेक करून बटरपेपरात गुंडाळून दिल्या आणि बोलावण्याची वाट बघत बसले.

वर भाडेकरू आहे, सरकारी दवाखान्यात नर्स, बौद्ध घरातली. ड्यूटीहून येताना माझ्या पायरीवर दोन मिनिटं टेकते. ती म्हणाली, "काकू, आमच्यात न्हाई हे असलं. माझी आई बाबाच्या माघारी बी सगळीकडं पुढं असती. तुमी कावून झुरता त्यांच्यासाठी? पौर्णिमेला आमच्याकडं या, खीर हाय." मी गेले. खीर उत्तम होती, तिच्या आईने फोनवरून माझी चौकशी केली, तिच्या मैत्रिणींनी मला मध्ये बसवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना जीव पुन्हा त्या समोरच्या दाराकडेच ओढला. जिथून आपल्याला उठवलं तिथेच परत बसायची माणसाला हौस असते, काय करता.

हळदी-कुंकवाच्या दिवशी दुपारपासून समोर सतरंज्या अंथरल्या जात होत्या. बोलावणं आलं नाही. मी घरात जुनी सुती साडी नेसून, जिच्यावर साबणाच्या तेलाचे डाग होते ती, डाळ निवडत बसले. ऊन उतरायला लागल्यावर बायका यायला लागल्या. सगळ्या काळ्या साड्यांत. मी खिडकीचं एक दार लोटून घेतलं आणि दुसरं तसंच ठेवलं.

तेवढ्यात समोरची सून धावत आली. दारातूनच ओरडली, "काकू, चला आधी! आमच्या नणंदंनं तुमचा साबण खाल्ला!"

मी तशीच उठले. चप्पल कुठे होती कुणास ठाऊक, अनवाणीच रस्ता ओलांडला.

झालं होतं असं. वाण छान दिसावं म्हणून सुनेने बटरपेपर काढून टाकले होते, आणि प्रत्येकीच्या हातावर द्यायच्या द्रोणात दोन तिळाच्या वड्या आणि एक माझी, अशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तिची वयाने बरीच मोठी चुलत नणंद वडवणीहून मुद्दाम आली होती, आमच्या गल्लीत पहिल्यांदाच. तिने आधी तिळाची खाल्ली, मग काळी उचलली. वास चॉकलेटचा, आकार वडीचा, आणि दिली हळदी-कुंकवाच्या द्रोणात. तिने चावा घेतला. चव कळली, पण संक्रांतीला हातावर ठेवलेलं तोंडातून बाहेर काढायचं कसं? तेही भावाच्या घरी, भरल्या बैठकीत? बिचारी चावत राहिली. तोंडाला फेस यायला लागला तेव्हा शेजारची किंचाळली.

मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, ओठांवर फेस, डोळ्यांत पाणी, आणि तरी तोंड मिटलेलं. सगळ्या एकदम माझ्यावर आल्या. "काय घातलंय ओ त्यात? इखारी तर न्हाई ना?"

"काही विषारी नाही. चांगला मुरलेला आहे, मी स्वतः चाखून दिलाय. थुंक गं आधी. थुंक म्हणते ना!"

मी हाताची ओंजळ तिच्या तोंडापुढे धरली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग थुंकली. तिच्या हातातली उरलेली वडी मी काढून घेतली, तिला मोरीत नेलं, चुळा भरायला लावल्या. प्रत्येक चुळीला नवा फेस. तिसऱ्या-चौथ्या चुळीला तिलाच हसू फुटलं. "वैनी," ती मला म्हणाली, "मला वाटलं आंबाजोगाईची वडी अशीच असती!" मग जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मीही हसले, पोट धरून हसले. हसता हसता मी सतरंजीवर बसले, नणंदेच्या शेजारी, आणि मला कुणी ऊठ म्हटलं नाही. कुणीतरी माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणालं, "तुमी आल्याबिगर मजाच न्हाई." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की हातातला तो चावलेला साबण मी घट्ट धरून ठेवला.

मग सून करंडा घेऊन पुन्हा फिरायला लागली. ओळीने हळद, कुंकू, अत्तर. नणंदेला लावून झालं. पुढे मी. ती थबकली. तिचं बोट कुंकवात बुडवलेलं होतं आणि ते तसंच वर राहिलं. खोलीतला आवाज हळूहळू उतरला. वडवणीच्या नणंदेला बहुतेक काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "लाव की वैनीला. कवाच्या बसल्यात."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू माझ्याच वयाची, आमची एकमेकींच्या घरी ऊठबस. ती सतरंजीची सुरकुती सरळ करत होती.

मीच उठले. "दूध ठेवून आले होते गॅसवर," मी म्हटलं.

"हां, जावा जावा," सासू म्हणाली. "उतू जाईल."

माझ्या घरात त्या दिवशी दूधच नव्हतं. हे तिला माहीत असायचं कारण नाही. पण तिच्या आवाजात जी सुटका होती ती मी ओळखली, आणि रस्ता ओलांडताना मला तिचा राग आला, सुनेचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. बसून राहिले असते तर काय झालं असतं? बोट कुंकवाचं होतं, आगीचं तर नव्हतं.

घरी आल्यावर मूठ उघडली. चावलेली वडी हातातच होती. एका कडेला दातांच्या स्पष्ट खुणा, पुढच्या दोन दातांमध्ये फट होती तीसुद्धा उमटलेली. ती वडी मी मोरीत ठेवली आणि पुढे त्याच वडीने अंघोळ केली. नळाला पाणी यायचं त्या दिवशी तिला फार सुंदर फेस येई. खुणा आधी बोथट झाल्या, मग नुसता खळगा उरला, मग तोही गेला. त्या खोलीतून मी एवढीच वस्तू घेऊन आले होते.

यंदा मार्गशीर्ष लागला आणि सून पुन्हा भिंतीपाशी आली.

"काकू, यंदा बी तुमचाच साबण. गेल्या साली सगळ्यांनी लई नाव काढलं. आमच्या नणंदबाई तर वडवणीत अजून सांगत फिरतात."

"येणार आहे का ती?"

"येणार की. पण काकू, यंदा वड्या नका करू. गोल करा, वाटीत वतून. म्हंजी कुणाच्या तोंडात जाणार न्हाई."

तिच्या बोलण्यात अजून एखादं वाक्य असेल, असं मला वाटत होतं. ते आलं नाही, म्हणून मीच म्हटलं, "वाटायला माणूस लागेल का कुणी?"

"न्हाई न्हाई," ती घाईने म्हणाली. "नणंदबाई हाय की."

"बरं. गोल करते."

तिला खोटं सांगायचं माझ्या मनात नव्हतं. मी खरोखरच वाट्या काढल्या, तेलाचा हात लावून ओट्यावर ओळीने मांडल्या. डब्यात कोको थोडाच उरला होता. तो सगळा तेलात कालवला, डबा चमच्याने खरवडून घेतला. घुसळून घुसळून रवी जड झाली, वास सुटला, आणि पातेलं उचलून मी वाट्यांपाशी उभी राहिले. गोल साबण कुणी खाणार नाही. कुणी खाल्ला नाही तर मला बोलवायला धावत कोण येणार?

मी वाट्या बाजूला सारल्या, फडताळातून तेच ताट काढलं आणि साबण त्यात ओतला. दुसऱ्या दिवशी सुरीने तिरक्या रेघा मारल्या. तिळाच्या वडीच्याच मापाच्या.

आता त्या सुपात मुरत आहेत. मी रोज एकीला जीभ लावून पाहते, कारण कुणाच्या घशाला इजा होता कामा नये. संक्रांतीपर्यंत तयार होतील. कागदात गुंडाळणार नाही, सुनेचं तेवढंच काम वाचेल.

गेल्या वर्षी माझ्या अंगावर तेलाच्या डागांची साडी होती, ते माझ्या मनाला फार लागलं होतं. यंदा तसं होऊ देणार नाही. यांनी घेतलेली काळी साडी पेटीतून काढली आणि आजच इस्त्रीला टाकली.